नाशिकला जोडलेल्या गाड्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये मी बावीस वर्षं काढली. ब्रॅकेट, क्लॅम्प, हीट शील्ड, असलीच पत्र्याची कामं. आख्खी गाडी कधी बनवली नाही, पण गाडीत जाऊन बसलेले तुकडे पुष्कळ बनवले. त्यामुळे कोणी जुनी फोर्ड एस्कॉर्ट घेतली, कोणाच्या मुलाला इंजिनिअरिंगचा प्रोजेक्ट करायचा असला, किंवा चहाच्या टपरीवर वाद पेटला की लोक माझ्याकडे येतात. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय.

नाशिकमध्ये गाड्या बनतात की नुसत्या जोडल्या जातात?

दोन्ही झालंय, आणि एकाच आवारात झालंय. सातपूरच्या महिंद्राच्या कारखान्यातून फोर्डची एस्कॉर्ट निघाली, रेनोची लोगान निघाली आणि स्कॉर्पिओही निघाली. एस्कॉर्ट पेट्यांतून आली. लोगानचा आराखडा बाहेरून आला आणि गाडी हळूहळू इथली होत गेली. स्कॉर्पिओचा आराखडाच नाशिकला झाला. तिन्ही गाड्यांना ‘नाशिक मेड’ म्हणणारे लोक आहेत आणि तिन्हींना ‘नुसतं नटबोल्ट आवळलं’ म्हणणारेही आहेत. दोघंही थोडे थोडे चुकतात.

माझं माप वेगळं आहे. गाडी सातपूरला जोडली गेली की नाही, यापेक्षा तिच्यासाठी अंबडला किती ड्रॉइंग आली हे मी बघतो. पेटीतून आलेल्या भागाचं ड्रॉइंग कोणाला लागत नाही, कारण तो फक्त बसवायचा असतो. ड्रॉइंग हातात पडलं म्हणजे तो भाग आता इथे बनणार.

सीकेडी, एसकेडी, सीबीयू म्हणजे काय? सोप्या भाषेत सांगा.

सीबीयू म्हणजे आख्खी तयार गाडी. जहाजातून उतरवायची, बॅटरी जोडायची आणि चालवत न्यायची.

एसकेडी म्हणजे अर्धवट सुटी केलेली. रंगवलेली बॉडी, बहुतेक वेळा आतली सीटं आणि वायरिंगसकट येते. इंजिन, चाकं, सस्पेन्शन वेगळं. इथे ते सगळं खालून बसवायचं. थोडी माणसं आणि थोडी जागा असली तरी भागतं.

सीकेडी म्हणजे पूर्ण सुटी. पण ‘पूर्ण’ या शब्दाच्या आतही बऱ्याच पायऱ्या आहेत. कधी बॉडी वेल्डिंग होऊन येते आणि इथे फक्त रंग लागतो. कधी पत्र्याचे दाबलेले भाग एकात एक रचून येतात आणि त्यांचं वेल्डिंगही इथे होतं. दुसऱ्या प्रकाराला बॉडी शॉप लागतं, भाग जागेवर धरून ठेवणारे जिग-फिक्श्चर लागतात, वेल्डिंग गन लागतात, पेंट शॉप लागतं. म्हणजे निम्मा कारखाना इथे उभा राहिलेलाच असतो. वरून दोन्हीचं नाव सीकेडीच. म्हणून ‘ती गाडी सीकेडी होती’ एवढ्यावर कोणी हिणवायला लागलं तर विचारावं, कुठल्या पायरीची?

किट एकेका गाडीचं येत नाही, लॉट येतो. ठरलेल्या संख्येच्या गाड्यांचे सगळे दरवाजे एका पेटीत, सगळे आरसे दुसरीत, बोल्ट पार्ट नंबरच्या पिशव्यांत. पत्र्याला तेल लावलेलं, त्यावर गंज न येऊ देणारा कागद. पेटी उघडली की आधी मोजणी. एक ग्रोमेट, म्हणजे पत्र्याच्या भोकात बसणारी रबरी कडी, कमी निघाला तर ती गाडी लाइनच्या शेवटी लंगडी उभी राहते. समोरच्या दुकानातून आणावा म्हटलं तर तसा ग्रोमेट समोरच्या दुकानात मिळत नाही. मग शॉर्टेजचा कागद समुद्रापार जातो आणि ग्रोमेट विमानाने येतो. त्या ग्रोमेटची किंमत विमानाच्या तिकिटापुढे काय असेल हे सांगायला नको.

आख्खी गाडी आणायचं सोडून एवढा खटाटोप कशासाठी?

जकातीसाठी. आयात शुल्कात तयार गाडी आणि सुटे भाग यांच्यात सरकारने नेहमीच मोठं अंतर ठेवलंय. ४० हजार डॉलरवरच्या तयार गाडीवरचं शुल्क २०१३ साली ७५ वरून १०० टक्के झालं. सुट्या किटवर तेव्हा १० टक्के होतं, ते २०१८ च्या अर्थसंकल्पात १५ झालं. एवढी दरी असल्यावर कोणीही पेट्याच मागवेल.

यात पळवाटाही निघायच्या. इंजिन, गिअरबॉक्स आधीच जुळवून आणायचा आणि कागदावर ‘सुटे भाग’ लिहायचं. म्हणून २०११ साली सरकारने सीकेडीची व्याख्याच बांधून टाकली. इंजिन-गिअरबॉक्स जुळवलेलं किट असेल तर शुल्क चढं.

ही पद्धत भारतात कोणी आणली? महिंद्रांनी?

नाही, त्यांच्या खूप आधी जनरल मोटर्सने. १९२८ साली मुंबईत शिवडीला शेव्हरोले जोडायला सुरुवात झाली. पाठोपाठ फोर्डने मुंबई, मद्रास, कलकत्त्याला जोडणी सुरू केली. आपली माणसं उतरली ती चाळीसच्या दशकात. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ साली ओख्याला निघाली, मग उत्तरपाड्याला गेली. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ची. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ जोडल्या गेल्या, मग फियाट. पुढे तीच फियाट पद्मिनी होऊन मुंबईची टॅक्सी झाली.

महिंद्रांची गोष्ट पोलादापासून सुरू होते. २ ऑक्टोबर १९४५ ला ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने पोलादाचा व्यापार सुरू झाला. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र हे दोघे भाऊ आणि मलिक गुलाम मोहम्मद. फाळणी झाली आणि गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, नंतर गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. आद्याक्षरं तीच राहिली, तेवढाच छपाईचा खर्च वाचला असावा, असं आमचे एक सुपरवायझर म्हणायचे.

कैलासचंद्र युद्धकाळात अमेरिकेत भारताच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख होते. तिथे त्यांची बार्नी रूस यांच्याशी भेट झाली. विलीज कंपनीच्या जीपमागचं डोकं म्हणजे हे रूस. १९४७ मध्ये ७५ विलीज गाड्यांचा पहिला लॉट सुट्या भागांत मुंबईत उतरला, आणि १९४९ मध्ये माझगावच्या भाड्याच्या जागेत पहिली जीप जोडून तयार झाली. आज ज्या कंपनीला आपण ‘आपली’ म्हणतो तिची सुरुवात ही अशी, परक्या पेट्या उघडण्यापासून.

आता खरा फाटा. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितलं की, ज्यांना भारतात भाग बनवायचे नाहीत, फक्त जोडणीच करायची आहे, त्यांनी तीन वर्षांत काम आवरावं. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. महिंद्रांनी १९५४ मध्ये विलीजशी उत्पादनाचा करार करून भाग इथे बनवायचा कार्यक्रम घेतला. म्हणून ते टिकले. साठच्या दशकात त्यांनी कांदिवलीला मोठी जागा घेतली आणि जीप खऱ्या अर्थाने इथली होत गेली.

मग हे नाशिकला कसं आलं?

सातपूरचा कारखाना १९८१ चा. मुंबईत जागा आणि पगार दोन्ही महागले होते, आणि राज्य सरकार उद्योगांना घाटावर ढकलत होतं. एमआयडीसी १९६२ ची; सातपूर, अंबड या तिच्याच वसाहती. सातपूरला मायको आधीपासून होती, आता तिला बॉश म्हणतात. डिझेल इंजिनाचे नोझल बनवणारा कारखाना गावात असणं म्हणजे मिलीमीटरच्या हजाराव्या भागात बोलणारी माणसं गावात असणं. सिएटचे टायर इथेच होते. महिंद्रांचा इंजिनाचा कारखाना इगतपुरीला, म्हणजे घाट चढल्या चढल्या. आग्रा रोडवर मुंबई बंदर एका रात्रीच्या अंतरावर. नंतर न्हावाशेवा झालं तरी हिशोब तोच. कसाऱ्याच्या घाटात कंटेनर अडकला की सातपूरला लाइन थांबायची, हा भाग वेगळा.

लोक ‘महिंद्रा आली म्हणून नाशिक वाढलं’ म्हणतात. मला ते उलटं वाटतं. तयार हात इथे होते, म्हणून आली.

या सगळ्याशी ओझरच्या मिगचा काय संबंध?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, मीच घुसडलाय. विचारायला हवा म्हणून.

पेटीतून आलेले भाग जोडून यंत्र उभं करायची शाळा नाशिकला मोटारीच्या आधी विमानाने उघडली. १९६३ मध्ये यशवंतराव चव्हाण नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. तेव्हा ते संरक्षणमंत्री होते. १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला मिग-२१ या लढाऊ विमानाचा कारखाना सुरू झाला, त्याचं श्रेय नाशिककर आजही त्यांनाच देतात. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी वाटणी होती. सुरुवातीची विमानं रशियाहून आलेल्या भागांतून जोडली गेली, मग एकेक भाग इथे बनू लागला. पुढे सुखोई-३० लाही हाच क्रम लागला, आधी अर्धवट सुटी, मग पूर्ण सुटी, शेवटी कच्च्या मालापासून.

आमच्या शेडमधला पहिला टूलरूमवाला मिगमधून निवृत्त झालेला होता. एखाद्या भोकाची जागा अर्धा मिलीमीटर सरकली की तो असा बघायचा, जणू विमानच कोसळलंय. आम्ही हसायचो. नंतर मोटारीची ड्रॉइंग आली तेव्हा कळलं, तो बरोबर होता.

एस्कॉर्ट खरंच नाशिकची? फोर्ड तर चेन्नईची ना?

खरंच नाशिकची. निदान सुरुवातीच्या गाड्या.

१९९१ नंतर दारं उघडली आणि १९९३ मध्ये मोटार बनवायला लायसन्स लागेनासं झालं. परदेशी कंपन्या धावत आल्या, पण एकट्याने उतरायची हिंमत थोड्यांचीच. बहुतेकांनी इथला जोडीदार धरला. मर्सिडीजने पुण्यात टेल्कोचा (आताची टाटा मोटर्स) हात धरला, पूजोने प्रीमियरचा आणि १९९५ मध्ये फोर्डने महिंद्राचा. निम्मा निम्मा वाटा असलेली ‘महिंद्रा फोर्ड इंडिया’ ही कंपनी झाली. स्वतःचा कारखाना फोर्डला चेन्नईजवळ मरैमलै नगरला उभा करायचा होता, पण तो व्हायला वर्षं लागणार. तोवर काय? तोवर सातपूर. १९९६ पासून एस्कॉर्ट इथे जोडली जाऊ लागली.

त्याआधी सातपूरला जीपच्या घराण्यातल्याच गाड्या निघायच्या. जीपच्या दोन पत्र्यांत बोट गेलं तरी कोणी तक्रार करत नसे. ती जीप आहे, चिखलात जाणार आहे. एस्कॉर्ट ही सेदान. तिच्या दाराची फट वरून खालपर्यंत सारखी दिसायला हवी, दार लावल्यावर ‘ठप’ असा एकच आवाज यायला हवा. गिऱ्हाईक सहा-सात लाख मोजून आलेला असायचा आणि तो आधी दारच लावून बघायचा. पॅनल गॅप हा शब्द मी त्या वर्षात पहिल्यांदा रोज ऐकायला लागलो. टॉर्क रेंच आधीही होते, पण ‘बोल्ट आवळला का’ याऐवजी ‘किती आवळला’ असं विचारलं जाऊ लागलं. यात थोडी अतिशयोक्ती असेल, म्हाताऱ्याची आठवण आहे. पण फार नाही.

गाडी मात्र ताजी नव्हती. युरोपात एस्कॉर्टची जागा १९९८ मध्ये फोकसने घेतली, म्हणजे आपल्याकडे आली तेव्हा तिकडे तिची निरोपाची तयारी चालू होती. त्या काळात सगळ्यांनी हेच केलं. पूजो ३०९ तिकडे बंद झाल्यावर कल्याणला आली, मर्सिडीजची जी ई-क्लास पिंपरीला जोडली गेली तीही तिकडे उतारावरची. मोठ्या भावाचे कपडे धाकट्याला. भाग स्वस्त, साचे वसूल झालेले आणि इथल्या गिऱ्हाइकाला काय कळतंय, हा हिशोब. गिऱ्हाइकाला कळलं. ह्युंदाईची सॅन्ट्रो आली, होंडाची सिटी आली आणि जुन्या कपड्यांची किंमत एका वर्षात उतरली.

तरीही एस्कॉर्टच्या १.८ डिझेलचे भक्त अजून आहेत. आवाज ट्रॅक्टरचा, पण मुंबईला जाऊन आलं तरी काटा हलायचा नाही.

मग ती इथून गेली का? नाशिकने काही चूक केली का?

काही चूक नाही. ती पाहुणीच होती. १९९८ मध्ये फोर्डने आपला हिस्सा वाढवून ७२ टक्के केला, मरैमलै नगरचा कारखाना तयार झाला आणि काम तिकडे गेलं. १९९९ च्या शेवटी आलेली आयकॉन ही पहिल्यापासून चेन्नईचीच. कंपनीच्या नावातून महिंद्राही गेलं.

गंमत म्हणजे हे दोघे २०१९ मध्ये पुन्हा एकत्र यायचं ठरवून बसले होते. ३१ डिसेंबर २०२० ला तो बेत मोडला आणि २०२१ मध्ये फोर्डने भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. सातपूरहून निघालेली गाडी मरैमलै नगरलाही थांबली नाही.

सगळे भाग इथेच बनवून घ्यायला कंपन्या का टाळाटाळ करायच्या? स्वस्त पडलं असतं ना?

हा प्रश्न मला सर्वात आवडतो. कारण बाहेरच्याला उत्तर सोपं वाटतं आणि ते चुकतं.

समजा किट दोन लाखांना येतं. त्यातला सायलेन्सर मी इथे पाच हजारांत बनवून देतो. जोडणारी कंपनी तिकडे कळवते, उद्यापासून किटमधून सायलेन्सर वगळा. धंद्यातल्या भाषेत याला डिलिशन म्हणतात. तिकडची म्हणते, जरूर, तीन हजार कमी करतो. का तीनच? कारण त्यांच्या हिशोबात तो भाग तेवढ्याचाच, लाखोंनी बनतो. शिवाय उरलेलं किट पॅक करायचा खर्च तोच. झालं, सायलेन्सर इथे बनवून कंपनीला दोन हजारांचा खड्डा. वर त्याचा साचा, तपासणी, मंजुरी, गाड्यांची चाचणी घेणाऱ्या पुण्याच्या एआरएआय संस्थेच्या फेऱ्या, हे वेगळं. वर्षाला दोन-चार हजारच गाड्या विकणार असतील तर साच्याचा खर्च फिटणार कधी?

म्हणून जड, जागा खाणारे आणि कमी डोक्याचे भाग आधी इथले होतात: टायर, बॅटरी, सीट, काच, सायलेन्सर, वायरिंग. जहाजात हवा भरून आणण्यात अर्थ नसतो. इंजिन आणि गिअरबॉक्स सगळ्यात शेवटी. बहुतेक गाड्या तिथपर्यंत पोचण्याआधीच बंद पडतात.

दुसरी बाजूही सांगतो. किटवर जगणाऱ्या गाडीचा जीव विनिमय दराला टांगलेला असतो. रुपया घसरला की किट महाग, गाडी महाग, विक्री कमी. विक्री कमी झाली की भाग इथे बनवणं अजूनच परवडत नाही. हे चक्र फोडायला एकतर गाड्या भरपूर विकाव्या लागतात, नाहीतर सरकारला काठी घ्यावी लागते.

सरकारने काठी घेतली का?

घेतली होती. १९९७ मध्ये नियम आला: किट आणायची असतील तर सरकारशी सामंजस्य करार करा, तीन वर्षांत ५० टक्के आणि पाच वर्षांत ७० टक्के भाग इथले करा, आणि जेवढी आयात तेवढी निर्यातही दाखवा. अमेरिका आणि युरोपीय संघ जागतिक व्यापार संघटनेत गेले. २००१ च्या अखेरीस निकाल भारताच्या विरोधात लागला आणि अटी गेल्या. तोवर पुष्कळ व्हेंडरांच्या हातात ड्रॉइंग पडून गेली होती. निकालाने ती परत घेतली नाहीत.

लोगानही एस्कॉर्टसारखीच पेट्यांतून आली का?

नाही, तिथवर ओढू नका. लोगान मुळात रुमानियाच्या डासियाची, रेनोची धाकटी शाखा. २००४ मध्ये पाच हजार युरोंची मोटार म्हणून तिची जगभर चर्चा झाली. महिंद्रा आणि रेनोची भागीदारी २००५ ची, ५१ आणि ४९ टक्के. २००७ च्या एप्रिलमध्ये नाशिकची लोगान बाजारात आली. आराखडा आणि इंजिनं रेनोच्या घराण्यातली, पण इथे ती बनवायची म्हणूनच आली होती आणि आमच्या वसाहतीत तिची ड्रॉइंग फिरायला लागली होती. मी स्वतः तिच्यासाठी एक क्लॅम्प बनवलाय. तो वरून दिसत नाही. गाडीखाली झोपावं लागतं.

तिला मारलं ते एका मोजपट्टीने. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांचा अबकारी कर २४ वरून १६ टक्के झाला. लोगानचं दीड लिटरचं डिझेल इंजिन त्या मर्यादेत बसत होतं. लांबी बसत नव्हती. सव्वाचार मीटर! त्या पाव मीटरच्या डिकीपायी आठ टक्के जादा कर. वर दिसायला साधी, चौकोनी. टॅक्सीवाल्यांनी उचलली आणि टॅक्सीवाल्यांनी उचलली म्हणून घरगुती गिऱ्हाइकाने सोडली.

२०१० मध्ये रेनो बाहेर पडली. महिंद्राने गाडी ठेवली, २०११ मध्ये तिचं नाव व्हेरिटो केलं. २०१३ मध्ये मागची डिकी छाटून चार मीटरच्या आतली व्हाइब काढली, पण तोवर उशीर झाला होता. २०१६ मध्ये हीच गाडी विजेवर धावू लागली, ई-व्हेरिटो. रुमानियाच्या स्वस्त मोटारीचा शेवटचा अवतार सरकारी कार्यालयांच्या पार्किंगमध्ये चार्जिंगला लावलेला दिसायचा.

स्कॉर्पिओचं काय? तिच्यातही परदेशी भाग होतेच ना?

होते. पेट्रोल स्कॉर्पिओत तर रेनोचं इंजिन होतं. पण इथे कोण कोणाला सांगत होतं, ते उलटं झालं. २० जून २००२ ला ती आली. महिंद्राच्या पवन गोयंकांच्या नेतृत्वाखालच्या टीमने ती नाशिकला उभी केली आणि सुमारे साडेपाचशे कोटींत केली. परदेशी मोटार कंपन्या एका मॉडेलवर याच्या कितीतरी पट घालतात. युक्ती अशी की, एकेका पुरवठादाराला सुटा भाग न देता पूर्ण व्यवस्थाच सोपवली: सीट तुम्ही करा, डिझाइनसकट. बाहेरचे लोक सल्ल्याला आणि यंत्रांना होते, निर्णय नाशिकला होत होते.

माझ्या मते स्कॉर्पिओला एस्कॉर्टशिवाय उत्तर सापडलं नसतं असं म्हणणं जास्तीचं आहे. पण पंचवीस-तीस वर्षांच्या ज्या पोरांनी आधी दुसऱ्याची सेदान जोडली होती, त्यांना चांगली गाडी आतून कशी असते हे ठाऊक होतं. पुस्तक वाचून ते येत नाही.

माझी जुनी गाडी नाशिकची आहे हे कसं ओळखू? नंबर एमएच-१५ आहे.

एमएच-१५ म्हणजे गाडीची नोंदणी नाशिक आरटीओला झाली, एवढंच. मारुतीही एमएच-१५ असते.

चॅसिस नंबर बघा. सतरा अक्षरांचा असतो. ‘एमए१’ ने सुरू झाला तर महिंद्रा, ‘एमएजे’ असेल तर फोर्ड. पण तेवढ्याने कारखाना कळत नाही. एस्कॉर्टच्या बाबतीत वर्ष महत्त्वाचं: १९९६ ते ९८ ची असेल तर ती सातपूरची. नंबरप्लेटपेक्षा जुनं बिल आणि सर्व्हिस बुक सांभाळा.

एस्कॉर्टचे सुटे भाग मिळतात का?

इंजिनाचे काही मिळतात, काचा आणि रबर बीडिंगसाठी वणवण होते. दिवे घेताना जपा. मी स्वतः फसलोय. मुंबईच्या एका दुकानातून ‘एकदम ओरिजिनल, इम्पोर्टेड’ म्हणून पुढचे दिवे आणले, चकचकीत, पेटीसकट. रात्री घाटात समोरचा प्रत्येक ट्रकवाला मला डिपर मारायला लागला. दिवे युरोपातल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचे होते. त्यांचा झोत उजवीकडे वर चढतो. आपल्याकडे तो सरळ समोरच्याच्या डोळ्यांत. दुकानदार म्हणाला, ओरिजिनलच मागितले होते ना? ओरिजिनलच होते, मान्य करावं लागलं. काचेवरच्या रेघा बघून घ्या, एवढंच सांगतो.

त्या पेट्यांच्या लाकडाचं काय व्हायचं?

भंगारवाले घ्यायचे आणि सुतार त्यांच्याकडून. पाइनचं लाकूड, हलकं, खिळ्यांची भोकं पडलेलं. माझ्या घरातलं पुस्तकांचं कपाट त्याच लाकडाचं आहे. आतल्या फळीवर ‘ही बाजू वर’ असा बाण अजून आहे, फक्त सुताराने ती फळी आडवी बसवली.

आता तर सगळं इथेच बनतं. मग बाहेरच्या मालाची भानगड संपली?

संपेल कशी? आज सातपूरहून थार निघते, बोलेरो निघते आणि पेट्या उघडून गाडी जोडायचे दिवस गेले हे खरं. पण २०२१ च्या सप्टेंबरमध्ये महिंद्राने आपल्या मोटार कारखान्यांत महिन्यातले सात दिवस उत्पादन बंद ठेवायचं जाहीर केलं, कारण सेमीकंडक्टर चिप मिळत नव्हत्या. जगभर सगळ्यांचंच तसं झालं होतं. पत्रा इथला, इंजिन इथलं, सीट इथलं, रंग इथला. अडलं ते नखाएवढ्या चिपपाशी. आणि ती विमानाने मागवूनही येत नव्हती, कारण कारखान्यातच रांग लागली होती.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, म्हणजे तुमच्या त्या ग्रोमेटसारखंच. मी म्हटलं, नाही रे, ग्रोमेटचं ड्रॉइंग आलं असतं तर आम्ही तो आठवड्यात पाडून दिला असता.